शाळेच्या कराची फाइल

१

शनिवारी सकाळी साडेदहाला नागेश कंपाउंडच्या फाटकातून चालत आत आला, आणि खिडकीशी मेथी निवडत बसलेल्या प्रमोदिनीबाईंचा हात थांबला. सौदीतला आठवड्याचा पहिला दिवस, ऑफिस सुटायला अजून सहा-सात तास, आणि हा गृहस्थ टाय सैल करून घरी? बरं, आजारी म्हणावा तर चाल ठीक होती. मान तेवढी खाली होती.

लोकांच्या घरात डोकावायची खोड आहे, असं त्यांना कुणी म्हटलेलं खपत नसे. खोड कसली, बावीस वर्षांची नोकरी होती ती. नाशिकजवळच्या एका नगरपालिकेत त्या घरपट्टी विभागात होत्या. कुणी माडी चढवून कागदावर पत्र्याची शेड दाखवायचा, कुणी हद्दीबाहेर राहतो म्हणून शपथेवर सांगायचा आणि दूधवाला मात्र हद्दीतला लावायचा. असले बहाद्दर बाईंनी किती पकडले त्याला गणती नाही. पुढे नवऱ्याला, सुरेशरावांना, खोबरला चांगली नोकरी लागली, बाईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि सौदीत येऊन मेथी निवडायला लागल्या. आता बावीस वर्षांची नजर मेथीवर किती दिवस टिकणार?

अर्ध्या तासानं नागेशची बायको चारुता दारात उभी राहिली. डोळे सुजलेले. बाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि रडून होईपर्यंत एक अक्षर विचारलं नाही.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नागेश एका अमेरिकन कंपनीच्या खोबर ऑफिसात पगाराचं काम बघायचा. कंपनी ओहायो राज्यातली. तिचे काही इंजिनिअर इकडे रास तनुराला कामावर होते, पण त्यांची घरं ओहायोत. तिथं अशी पद्धत की ज्या शाळेच्या हद्दीत तुमचं घर, त्या शाळेसाठी तुमच्या पगारातून थोडा कर कापायचा, मग तुम्ही जगाच्या पाठीवर कुठंही कामाला असा. हा कर नागेश दरमहा कापून ठेवायचा. तिमाही संपली की विवरणपत्र करायचं, त्यात प्रत्येकाच्या हद्दीचा क्रमांक घालायचा, चेक जोडायचा, साहेबाची सही घ्यायची आणि महिन्याच्या आत कुरिअरनं ओहायोला पाठवायचं.

"म्हणजे आपला शिक्षणकरच की," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. घरपट्टीच्या बिलात हा कर असायचा आणि त्यावरून रोज एक तरी माणूस त्यांच्याशी भांडायचा.

आज ओहायोहून पत्र आलं होतं. जुलै ते सप्टेंबर दोन हजार पाचचं विवरणपत्र नाही, पैसे नाहीत, दंड भरा. ऑफिसप्रमुख वॉकरसाहेबानं नागेशकडे फाइल मागितली. नागेशनं कपाट उघडलं, तर बाकी सगळ्या तिमाहींच्या फाइली जागच्या जागी आणि नेमकी तीच नाही. साहेबाचं मत झालं की नागेशनं सही घेतली, पण पाठवायचं विसरला आणि आता निस्तरायला नको म्हणून फाइलच नाहीशी केली. बुधवारपर्यंत फाइल आली नाही तर एक्झिट, म्हणजे नोकरी जाऊन देश सोडायचा. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, रद्द, सगळ्या कुटुंबाचा.

"आज चार फेब्रुवारी," चारुता म्हणाली. "पिंकीची दहावीची बोर्डाची परीक्षा एक मार्चला सुरू होते, ताई. इथलंच केंद्र आहे. मधेच गेलो तर पोरीचं वर्ष गेलं."

तेवढ्यात नागेशही मागोमाग आला आणि दारातच थांबला. फाइल मी घेतली नाही, इतकंच म्हणाला. साधी तपकिरी फाइल, नेहमीसारखी. पण कपाटाच्या किल्ल्या दोनच होत्या आणि एक त्याच्या खिशात होती.

"दुसरी?" बाईंनी विचारलं.

नागेश जरा घुटमळला. "अनुरागकडे."

२

अनुराग हा पुण्याचा सत्तावीस वर्षांचा मुलगा, नागेशच्या हाताखाली. कंपाउंडच्या टोकाला ब्रह्मचाऱ्यांच्या खोल्या होत्या, तिथं राहायचा आणि अंडी-पावावर जगायचा. प्रमोदिनीबाईंनी रविवारी संध्याकाळी त्याला भरल्या वांग्यांवर बोलावलं. अशा मुलाला भरली वांगी म्हटल्यावर तो नाही म्हणूच शकत नव्हता.

पहिल्या दोन भाकऱ्यांपर्यंत त्यांनी फक्त वाढलं. सुरेशराव समोर बसून गालात हसत होते. बायकोची चौकशीची पद्धत त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच अनुभवली होती.

तिसऱ्या भाकरीला बाईंनी सहज विचारलं की ऑफिसात फाइली वगैरे कशा ठेवता रे तुम्ही? अनुराग मोकळेपणानं बोलू लागला. सरकारी कामाच्या कागदांना हिरवी फाइल, आत दोरी असलेली. सौदीत सगळीकडेच तशी, हिरव्या फाइलीशिवाय कुठल्याही खिडकीवर कुणी हात लावत नाही. ऑफिसच्या आतल्या कागदांना तपकिरी. पण स्टेशनरीचा आनंदच होता. ऑक्टोबरात रमजान चालू असताना तपकिरी फाइली संपल्या त्या ईदनंतरच आल्या. तोवर त्यानं बँकेचे कागद वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते.

"बँकेचे कागद तू बघतोस वाटतं?" बाईंनी वांगं वाढत विचारलं.

त्याचा घास तिथंच थांबला. बाईंनी घाई केली नाही. बँकेचं पत्रक दर महिन्याला याच्याकडे येत असेल, तर ओहायोला गेलेला चेक वटला की नाही हेही याला दर महिन्याला दिसत असणार. हे त्यांनी मोठ्यानं म्हटलंसुद्धा नाही. नुसतं त्याच्याकडे बघत राहिल्या.

अनुरागनं ताट पुढे सरकवलं. "वटला नव्हता काकू. मला डिसेंबरपासून माहीत होतं."

सुरेशरावांचं हसू मावळलं. चेक पडून आहे हे डिसेंबरातच नागेशला सांगितलं असतं, तर दुसरा चेक पाठवून प्रकरण तिथंच मिटलं असतं. का नाही सांगितलंस? अनुरागनं भांड्यातलं पाणी संपवलं. मग म्हणाला की नागेशसाहेबांची खुर्ची रिकामी झाली तर ती आपल्याला मिळेल, असं मनात आलं होतं. फाइलीला मात्र हात लावला नाही, देवाशपथ.

बाईंना राग आला, आणि त्यांनी तो लपवलाही नाही. एका पोरीचं वर्ष बुडत होतं आणि तू बघत बसलास, असं स्पष्ट सुनावलं. पण त्याचं म्हणणं त्यांना खरं वाटलं. चेक सरकारी खात्याच्या नावाचा. तो चोरून कुणाला दमडीही मिळणार नव्हती. अनुरागला तर नुसतं गप्प बसून हवं ते मिळत होतं, मग फाइल पळवण्याची जोखीम तो कशाला घेईल?

"म्हणजे चोर कोण?" तो गेल्यावर सुरेशरावांनी विचारलं.

बाई ताटं उचलत म्हणाल्या, "मला वाटतं, अहो, चोर नाहीच."

३

वॉकरसाहेब याच कंपाउंडात तिसऱ्या बंगल्यात एकटा राहायचा आणि ऑफिसहून आला की बूट काढायच्या आधी टोमॅटोच्या झाडांना पाणी घालायचा. प्रमोदिनीबाईंनी त्याला मागे एकदा राखेचं खत कसं घालावं ते सांगितलं होतं, तेव्हापासून ओळख होती. सोमवारी त्या सुरेशरावांना घेऊन तिकडे गेल्या. बाईंचं इंग्रजी नगरपालिकेच्या नोटिशीसारखं होतं, छोटं आणि मुद्द्याचं, त्यामुळे साहेबाला ते चांगलं समजायचं.

साहेब चिडलेला होताच, पण त्याहून जास्त दुखावलेला होता. ओहायोच्या ज्या खेड्यातला तो, तिथल्याच शाळेत त्याची बहीण तिसरीला शिकवते. शाळेची जुनी बस या कराच्या पैशांतून चालते. पत्र साहेबाच्या नावानं आलं होतं, कारण सही त्याची. त्यानं आयुष्यात कुणाचे पैसे बुडवले नव्हते आणि बुडवले कुणाचे, तर आपल्याच गावच्या शाळेचे. नागेशनं चूक झाली म्हणून सांगितलं असतं तर मी समजून घेतलं असतं, फाइल लपवली ते सहन होत नाही, असं तो म्हणाला.

बाईंनी सहीचा दिवस विचारला. तो त्याला पक्का आठवत होता. सव्वीस ऑक्टोबर, बुधवार, ईदच्या सुट्टीआधी सरकारी ऑफिसांचा शेवटचा दिवस. त्या वर्षी ईद आणि दिवाळी दोन दिवसांच्या अंतरानं आल्या होत्या, त्यामुळे ऑफिसातले बारा जण एकदम घरी निघाले होते. बाराही जणांचे सौदीबाहेर जायच्या व्हिसाचे कागद त्या दिवशीच खिडकीवर पोचायला हवे होते. म्हणून साहेबानं सकाळीच सांगून टाकलं होतं की दुपारपर्यंत फक्त सरकारी, म्हणजे हिरव्या फाइलींवर सही होईल, बाकीचं दुपारनंतर.

"आणि शाळेच्या करावर सही केव्हा केलीत?"

साहेब आठवू लागला. सकाळी. दहा वाजता, कारण लगेच त्यानं बहिणीला ई-मेल पाठवला होता की बघ, आत्ताच तुझ्या बसच्या पेट्रोलवर सही केली.

त्यानं पुढे आणखी एक गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी चलाखी करून आपल्या गाडीच्या कर्जाचा कागद हिरव्या फाइलीत घालून सही घेतली, तो कागद सरकारी गठ्ठ्यात गेला, खिडकीवर घोळ झाला आणि त्या घोळात एका सुताराचा व्हिसा राहिला. बिचाऱ्याला वडिलांच्या अंत्यविधीला जाता आलं नाही. तेव्हापासून नोटीस लागली आहे. हिरव्या फाइलीत दुसरा कागद घालणाऱ्याला या ऑफिसात जागा नाही.

परतताना सुरेशराव टोमॅटोबद्दल काहीबाही बोलत होते. बाईंचं लक्ष नव्हतं. त्या वाटेतच थांबल्या.

"अहो, तपकिरी फाइली तर संपल्या होत्या. आणि साहेब सकाळी दहाला तपकिरी फाइलीवर सही करत नव्हता."

सुरेशरावांना उलगडा व्हायला क्षणभर लागला. मग तेही थांबले. "म्हणजे नागेश खोटं बोलतोय?"

४

नागेशला जाब विचारण्याआधी बाईंना एका माणसाशी बोलायचं होतं. कंपाउंडातल्या बायकांना बाजारात नेणारी बस संध्याकाळी निघाली, त्यात त्या बसल्या. बस चालवायचा खुर्शीद, दापोलीकडचा. दिवसा तो वॉकरसाहेबाच्या ऑफिसात टपाल, कुरिअर आणि सरकारी खिडक्यांची ने-आण करायचा.

बाजारात पोचल्या पोचल्या इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजाची, अजान झाली आणि दुकानांची शटरं धडाधड खाली आली. बायका फुटपाथवर गप्पा मारत उभ्या राहिल्या. खुर्शीद नमाज आटोपून लवकर परत आला, तेव्हा बाईंनी त्याला गाठलं.

तपकिरी फाइलीबद्दल सगळ्यांनी विचारून विचारून त्याच्या नाकी नऊ आणले होते. त्यानं कळवळून सांगितलं की वहिनी, रमजानात तपकिरी फाइल माझ्या हातात आलीच नाही, खोटं कशाला बोलू? बाई म्हणाल्या, मला माहीत आहे. यावर तो इतका चकित झाला की पुढचं सगळं आपणहून बोलला.

सरकारी कामाचा कारभार इब्राहीमचा. तो कंपनीचा मंदूब, म्हणजे सगळ्या सरकारी खिडक्यांवर कंपनीच्या वतीनं उभा राहणारा माणूस. त्याच्या खोलीत चार मोठी खोकी, वर अरबीत लिहिलेलं. पासपोर्ट, गाड्या, बलदिया म्हणजे नगरपालिका, आणि शाळा. आणलेले कागद त्या त्या खोक्यात टाकणं खुर्शीदचं काम.

"तुला इंग्रजी वाचता येतं?" बाईंनी विचारलं.

"पत्रं नाही येत वहिनी. मोठ्या अक्षरातले चार शब्द ओळखतो. कार, बँक, पासपोर्ट. आणि स्कूल. दर जूनमध्ये साहेबलोकांच्या पोरांच्या फीची पत्रं मीच नेतो ना."

"शाळेचं खोकं जूनलाच उघडता?"

जूनलाच, तो म्हणाला. एरवी त्यात काय काम?

शटरं पुन्हा वर गेली. बाईंनी कोथिंबीरसुद्धा घेतली नाही. घरी येताच त्या थेट नागेशकडे गेल्या. पिंकी आतल्या खोलीत होती, पुस्तक उघडं आणि नजर भिंतीवर. चारुता कपड्यांच्या घड्या घालत होती. बाई नागेशसमोर बसल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "नागेश, फाइल हिरवी होती."

५

नागेशनं आधी बायकोकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

हो, हिरवी होती. त्याच संध्याकाळी त्याला दिवाळीला चिपळूणला निघायचं होतं. विवरणपत्राची मुदत एकतीसला संपत होती. दुपारपर्यंत थांबला असता तर रमजानात लवकर सुटणाऱ्या ऑफिसातून साहेब निघून गेला असता आणि सही राहिली असती. म्हणून त्यानं मूळ कागद, प्रत, चेक आणि कुरिअरचा लिफाफा असं सगळं एका हिरव्या फाइलीत घातलं आणि सरकारी गठ्ठ्यात मधोमध सरकवलं. सही झाली की खुर्शीद लिफाफा बघून कुरिअरला देईल आणि फाइल अनुराग कपाटात ठेवेल, असं त्यानं गृहीत धरलं. तो परत आला तेव्हा नव्या तिमाहीचं काम पुढ्यात होतं, नवी फाइल लागली, जुनी बघायची वेळच आली नाही. शनिवारी साहेबानं विचारलं तेव्हा समोर भिंतीवर ती नोटीस होती, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, तपकिरी.

चारुतानं हातातली घडी खाली ठेवली. "तीन दिवस सगळं ऑफिस तपकिरी फाइल शोधतंय," ती म्हणाली. "आणि तुम्ही शोधू दिलंत."

नागेश मनानं वाईट नव्हता. पण एकदा भीतीपोटी खोटं बोलला आणि मग ते सोडवेना. प्रमोदिनीबाईंनी असे लोक खिडकीपलीकडे शेकड्यांनी बघितले होते. बहुतेकांना वेळेवर कुणी सावरलं असतं, तर ते सुटले असते.

मंगळवारी दुपारी बाई नागेशकडे बसल्या असताना इब्राहीम आला. इकामे गोळा करायला. त्यानं दारातच सलाम केला आणि नजर खालीच ठेवली. आपण आणलेलं काम त्याला मुळीच आवडत नव्हतं. तिघांचे इकामे टेबलावर ठेवले होते, पिंकीचाही, फोटोत दोन वेण्या घातलेला. बाईंनी त्याला बसवून वेलचीची कॉफी दिली आणि तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं की ईदच्या आधीच्या बुधवारी खिडकीवर किती फाइली नेल्या होत्या?

इब्राहीमनं कप खाली ठेवला. तो दिवस तो कसा विसरेल? गर्दी, उपास, दुपारचे दोन, मागे पन्नास माणसं. फाइली तेरा होत्या. पासपोर्ट बारा.

"तेरावी?"

तेरावीत पासपोर्टच नव्हता, म्हणून खिडकीवरच्या माणसानं ती तशीच परत सरकवली. मागचे लोक ओरडत होते. इब्राहीमनं ती न बघता खुर्शीदच्या हातात कोंबली आणि जागेवर ठेव म्हणून सांगितलं. पुन्हा ती कधी दिसली नाही. कुणी विचारलीही नाही. सगळे तपकिरी फाइलीचं विचारत होते.

नागेश उठून उभा राहिला. बाईंनी हातानंच त्याला खाली बसवलं. इब्राहीम इकामे घेऊन गेल्यावर त्या म्हणाल्या, "फाइल कुठं आहे ते मला कळलंय. पण उद्या मी ते सांगायच्या आधी साहेबाला रंग तू सांगायचास."

"ताई, रंग सांगितला तर फाइल सापडूनही नोकरी जाईल."

"जाऊ शकते," बाई म्हणाल्या. त्यांनी खोटा धीर दिला नाही. "न सांगता फाइल बाहेर काढली, तर साहेब समोर हिरवी फाइल बघणारच आहे. मग तू काय सांगणार आहेस?"

६

बुधवारी सकाळी चारुताला कागदांवर सही करायला ऑफिसात बोलावलं होतं. प्रमोदिनीबाई अबायाचा काळा झगा घालून तिच्यासोबत गेल्या. दोघी बाहेरच्या खोलीत बसल्या. समोरच इब्राहीमची खोली, मध्ये नुसती काच. टेबलावर तीन इकामे आणि त्यांच्या बाजूला तीन पासपोर्ट. चारुताचा हात बाईंच्या हातात होता.

वॉकरसाहेब आला. अनुराग आणि खुर्शीद दारात उभे होते. साहेबानं काही विचारायच्या आत नागेश पुढे झाला. त्यानं सगळं सांगितलं, तपकिरी हा शब्द खोटा होता हे, आणि खिडकीवरून परत आलेली तेरावी फाइल कुठं गेली ते प्रमोदिनीबाईंना कळलंय हेही. नोटीस मला माहीत होती, त्या सुताराची गोष्टही माहीत होती आणि तरी मी ते केलं, असं तो म्हणाला.

अनुराग खाली बघत होता. मग त्यानंही तोंड उघडलं. चेक वटला नाही हे मला डिसेंबरपासून दिसत होतं, मी बोललो नाही, असं सांगून टाकलं. त्याला कुणी बोलायला लावलं नव्हतं. बाईंनी मनात त्याचा थोडा राग कमी केला.

साहेबाचा चेहरा लाल झाला होता. त्यानं नागेशकडे बघितलं, अनुरागकडे बघितलं, आणि शेवटी बाईंकडे वळून विचारलं की तेरावी फाइल कुठं आहे, हे मॅडमना माहीत आहे का?

प्रमोदिनीबाई उठल्या. त्यांनी आपल्या नोटिशीच्या इंग्रजीत सांगितलं. आमच्या नगरपालिकेत मी शिक्षणकर गोळा करत असे. कर घरपट्टीचा, पैसे आमच्या विभागाचे, पण कागदावर 'शिक्षण' हा शब्द दिसला की शिपाई तो कागद उचलून शाळांच्या ऑफिसात देऊन यायचे. बावीस वर्षांत मी किती वेळा ते कागद तिकडून परत आणले, त्याला सुमार नाही. त्यात शिपायाची चूक म्हणता येत नाही. कागदावर जे ओळखू येतं त्यावरून तो कागदाची जागा ठरवतो. तुमच्या विवरणपत्रावर मोठ्या अक्षरात काय लिहिलंय?

खुर्शीद साहेबाच्या आधीच चमकला.

"स्कूल," तो म्हणाला. "या अल्ला. स्कूल."

इब्राहीमनं स्वतःच शाळेचं खोकं खाली काढलं. वर गेल्या जूनमधल्या फीच्या पावत्या, मुलांचे फोटो, दाखले. त्याखाली दोरीनं बांधलेली एक हिरवी फाइल. आत विवरणपत्र, साहेबाची सही, प्रत, चेक आणि ओहायोचा पत्ता घातलेला कुरिअरचा लिफाफा, अजून चिकटवायचा राहिलेला.

साहेबानं लिफाफा हातात घेऊन नोटिशीकडे बघितलं. आता फाइल होती, पण नोटीसही भिंतीवर होती, आणि ती स्वतः साहेबानं लावली होती.

"तो सुतार वडिलांना पोचवायला जाऊ शकला नाही," साहेब शेवटी म्हणाला. "म्हणून ती नोटीस आहे. माणूस त्याच्या घरच्यांपासून तुटू नये म्हणून. मी आज तिच्याच नावाखाली एका मुलीची परीक्षा बुडवली, तर मला ती नोटीस कळलीच नाही असं होईल."

मग त्यानं भराभर हुकूम सोडले. चेक जुना झाला आहे, अनुरागनं आत्ताच्या आत्ता नवा करायचा. कागद आजच्याच कुरिअरनं, सोबत साहेबाचं पत्र की उशीर ऑफिसच्या चुकीनं झाला. दंड कंपनी भरेल. नागेशची या वर्षीची पगारवाढ बंद, आणि यापुढे प्रत्येक पाकिटाची कुरिअरची पावती त्यानं स्वतः साहेबाच्या टेबलावर ठेवायची. अनुरागची वाढही बंद. खुर्शीदला एवढंच की कागद ओळखू आला नाही तर विचारायचं, विचारल्याबद्दल कुणी ओरडणार नाही. हे बोलताना तो इब्राहीमकडे बघत होता.

इब्राहीमनं तिन्ही इकामे उचलून चारुताच्या पुढ्यात ठेवले. एक्झिटचा कोरा अर्ज त्यानं चार तुकडे करून टोपलीत टाकला. "खलास," तो म्हणाला, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच त्यानं मान वर करून हसून बघितलं.

चारुता आणि बाईंसोबत नागेश घरी आला. दार उघडताच पिंकी आतून धावत आली. वडिलांच्या चेहऱ्यावरून तिला काही कळेना, म्हणून ती आईकडे बघू लागली. चारुतानं इकामे दाखवले, तशी पोरगी रडू लागली.

आता खरं तर तिथंच सगळं संपायला हरकत नव्हती. पण नागेश तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. त्यानं तिला सगळं सांगितलं, साहेबाला सांगितलं होतं त्याच शब्दांत. मी खोटं बोललो होतो, तुझे चार दिवस माझ्या खोट्यापायी गेले. प्रमोदिनीबाई स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. साहेबासमोर बोलण्यापेक्षा हे अवघड होतं, हे त्यांना कळत होतं.

पिंकीनं डोळे पुसले. तिला शाळेतल्या सवयीनं हिंदीच आली.

"पापा, आपने खुद बता दिया ना? बस. अब मुझे बीस चॅप्टर करने हैं."

ती उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं आतून मोठ्यानं पाठांतराचा आवाज येऊ लागला. नागेश तसाच बसून ऐकत होता.